मादामची दहा बोटं

मादामची दहा बोटं दहा दिशांना जायची. यात अतिशयोक्ती नाही. मी एक्स-रे टेक्निशियन आहे, बाकी कशाहीबद्दल थापा मारीन, पण हाडांच्या बाबतीत मारत नाही. डावी करंगळी बाहेर पळालेली, अनामिका मधल्या पेरापाशी वळण घेऊन परत आलेली, आणि उजव्या हाताचं मधलं बोट कधी सरळ म्हणून व्हायचं नाही. त्यांनी टॅक्सीवाल्याला बोटाने रस्ता दाखवला की तो गाडी हळू करून विचारायचा, नक्की कुठे? मग मादाम अख्खा पंजा पुढे करायच्या. त्याने तो आणखीच गोंधळायचा.

ही बोटं मी पहिल्यांदा पाहिली ती आतून. इथे आखातात, मनामातल्या ज्या हॉस्पिटलात मी गेली सतरा-अठरा वर्षं काम करतोय, तिथे एक उंच, करड्या केसांच्या, पन्नाशीच्या फ्रेंच बाई सुजलेलं बोट घेऊन आल्या. घराच्या दारात सापडलं म्हणाल्या. मी पंजा टेबलावर ठेवायला सांगितला, फोटो काढला आणि स्क्रीनवर पाहिलं तर जिथे तिथे जुनी, जुळलेली मोडतोड. पेशंटने आत यायचं नसतं, पण माझा चेहरा बघून त्या सरळ आतच आल्या. स्क्रीनवर एकेका हाडाकडे दाखवत म्हणाल्या, "हे कपच्या सामन्यातलं. हे सरावात, थंडीत बॉल दगडासारखा झाला होता. हे पुन्हा तेच. आणि हे आजचं, दाराचं. हे मोजायचं नाही." लोक घरी लग्नाचा अल्बम दाखवतात तितक्या खुशीत त्या हे दाखवत होत्या.

त्या गोलकीपर होत्या हे कळल्यावर मलाही राहवलं नाही. मी म्हटलं, मीसुद्धा गोली होतो, वसईला आमच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या टीमचा. ते खरं आहे. मात्र मला गोलमध्ये उभं करायचे ते माझ्या अंगाने गोल जरा कमी रिकामा दिसायचा म्हणून. मादामनी मी किती सामने जिंकले ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ग्राउंड कसलं होतं? मी सांगितलं, मातीचं, पावसात चिखलाचं, आणि गोलच्या मागे विहीर. गोल खाल्ला की बॉल विहिरीत, आणि तो काढायचा गोलीनेच. त्या एवढ्या हसल्या की बाहेरच्या बाकावरचे पेशंट डोकावून बघायला लागले. त्या दिवसापासून मी त्यांचा 'कोलेग' झालो, म्हणजे एकाच कामातला माणूस. माझं विल्सन हे नाव त्यांनी नंतर कधी घेतलं नाही. त्यांचं नाव मी पेशंटच्या फॉर्मवर वाचलं होतं, पण पुढे त्यांच्याकडे शिकलेल्या सगळ्या पोरी त्यांना मादाम म्हणायच्या, म्हणून मीही तेच म्हणायचो.

मादामची कारकीर्द मला तुकड्या-तुकड्यांनी कळली. बोलायच्या त्या इंग्रजीत, तेही फ्रेंच वळणाच्या. इथे मी ते माझ्या मराठीत सांगतोय. जन्म फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात. बाप बोटींवरून मासळीच्या पेट्या उतरवायचा. थोरले भाऊ खेळायचे, त्यांना गोलमध्ये उभं करायला कोणीतरी हवं होतं, म्हणून ही. ठरावीक वयानंतर मुलींना मुलांच्या टीममधून खेळायला बंदी आली आणि गावात मुलींची टीमच नव्हती. मग दोन बस बदलून शेजारच्या शहरात. सकाळी पोस्टात पत्रं लावायची नोकरी, संध्याकाळी सराव. बोटाला पट्टी बांधलेली असली तरी पत्रं लावायचीच. पोस्टाने हात चपळ केले, असं त्या म्हणायच्या. पुढे वरच्या डिव्हिजनच्या क्लबात पोचल्या, बरीच वर्षं टिकल्या, आणि तिथून थेट देशाच्या टीममध्ये.

देशाच्या टीममध्ये त्या सहा वर्षं होत्या आणि खेळल्या अकरा मिनिटं. दोन नंबरच्या गोलकीपर. एक नंबरला लागलं, बाहेर घेतलं, तेवढाच काय तो वेळ. त्या अकरा मिनिटांत काय केलंत, असं मी विचारलं. म्हणाल्या, "आमच्याच मुलीने एकदा बॉल मागे दिला. मी तो लाथेने लांब पाठवला. फार सुंदर पाठवला, कोलेग." त्या हे हसत सांगत होत्या. मला मात्र ऐकून कसंतरी झालं. सहा वर्षं माणूस बाकावर बसून काढतो कशी, हे मला खरंच कळेना.

मादामचे यजमान सखीरच्या रेसिंग ट्रॅकवर इंजिनिअर होते, ट्रॅकचं डांबर सांभाळायचे. "माझा नवरा कुठेच न जाणाऱ्या रस्त्याची काळजी घेतो," असं त्या म्हणायच्या. अमवाज आयलंड्सवरच्या फ्लॅटमध्ये समुद्र बघून त्यांना कंटाळा आला. उम्म अल हस्समला एका छोट्या टर्फवर आम्हा परदेशी आईबापांनी मिळून मुलींची टीम चालवली होती, तिथे शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी त्या गोली घडवायला यायला लागल्या. गोली दोनच होत्या. एक बशीरभाईंची सुमैया, वय पंधरा. बशीरभाई मूळचे रत्नागिरीकडचे, इथे एका बिल्डिंग मटेरियलच्या ऑफिसात क्लार्क. दुसरी माझी जेनिस, सुमैयापेक्षा वर्षाने लहान.

जेनिसला पाठवायला माझी बायको फ्लोरी तयार नव्हती. गुडघे फुटतील, अभ्यास बुडेल, ही नेहमीची कारणं होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. "त्या बाईंची बोटं बघितली ना? आपल्या जेनिसबायची बोटं तशी झाली तर उद्या अंगठी कुठल्या बोटात घालणार ती?" शेवटी मादामना जेवायला बोलावलं. फ्लोरीने फुगे, म्हणजे आमच्याकडचे मैद्याचे गोल वडे, तळले होते, आणि पहिला फुगा मादामनी छातीजवळ दोन्ही हातांत धरला, बॉल धरतात तसा. जेवताना फ्लोरीने आडवळणाने अंगठीचा विषय काढलाच. मादामनी गळ्यातली साखळी ओढून बाहेर काढली, तिच्यात त्यांची लग्नाची अंगठी. "भांडी घासताना काढावी लागत नाही, हरवत नाही," म्हणाल्या. फ्लोरीने आपली अंगठी आतापर्यंत दोनदा सिंकमध्ये घालवली आहे. ती त्यांना आणखी फुगे वाढायला उठली.

पहिला महिना मादामनी पोरींना बॉलला हातच लावू दिला नाही. नुसतं पडायला शिकवलं. डावीकडे पड, उजवीकडे पड, ऊठ, पुन्हा पड. पोरी वैतागल्या, आईबाप कुजबुजायला लागले. मादामचं म्हणणं एवढंच, पडायची भीती आहे तोवर हात पूर्ण लांब होत नाही. ही भीती बाहेरून दिसत नाही, बॉल आला की दिसते. जेनिस अबोल पोर. घरी ग्लास पडला तरी दचकायची. महिन्याभराने ती सोफ्यावरून जमिनीवर नीट कूस टेकून पडायचा सराव करताना दिसली, तेव्हा मला बरं वाटलं. फ्लोरीने देवाला हाक मारली.

आईबापांशी मात्र मादाम अजिबात गोड नव्हत्या. पाण्याच्या टाकीपलीकडे एक खडूची रेघ मारलेली असायची. आम्ही तिच्या मागे बसायचं आणि गप्प राहायचं. मधेच कोणी "पुढे ये गं, पुढे ये" म्हणून ओरडलं की सराव संपल्यावर गोलची जाळी त्याने गुंडाळायची. ती जाळी सर्वांत जास्त वेळा मीच गुंडाळली. पण याच बाई रमजानात सराव इफ्तारनंतर घ्यायच्या, आणि त्या महिन्यात सुमैयाचा रोजा असताना कधी दुपारी भेट झाली तर स्वतःही पाणी प्यायच्या नाहीत. बशीरभाईंनी एकदा म्हटलं, मादाम, तुम्ही प्या, आम्हाला काही वाटत नाही. त्या म्हणाल्या, मला वाटतं.

सुमैया एक नंबर आणि जेनिस दोन नंबर, हे मादामनी पहिल्या हंगामातच ठरवलं. ते बरोबरच होतं. सुमैयाचा अंदाज तेज होता, बॉल पायातून सुटायच्या आत तिला दिशा कळायची. मादामनी जेनिसला दोन नंबरचं काम शिकवलं. ते असं. सामन्याआधी एक नंबरला तयार करायचं. तिची खोड ओळखायची आणि तिथेच तिला पुन्हा पुन्हा बॉल मारायचे. सुमैया डावीकडे, खाली कच्ची होती. जेनिस दर सरावाला तिला पन्नासेक बॉल डावीकडे खालीच मारायची. काही महिन्यांत सुमैया डावीकडे पक्की झाली. याचा अर्थ माझ्या पोरीने स्वतःच्या पायांनी स्वतःची जागा आणखी लांब लाथाडली. मी रेघेमागे बसून ते बॉल मोजायचो. जेनिसला काही वाटत होतं की नाही, कळत नव्हतं. एकदाच गाडीत म्हणाली, "डॅडी, फायनलला मला पाच मिनिटं तरी मिळतील ना?"

फायनल म्हणजे इथल्या मुलींच्या टीम्सची एक स्पर्धा. आमच्या पोरी पहिल्यांदाच तिथवर पोचल्या होत्या. फायनलच्या आधीच्या सोमवारी बशीरभाई सुमैयाला घेऊन आमच्या हॉस्पिटलात आले. शाळेत तिची करंगळी बॉलने मागे वळली होती. माझी ड्युटी होती. मी फोटो काढला. हाड स्वच्छ होतं, रेघभरही तडा नव्हता. आत डॉक्टरांनी पाहिलं, शेजारच्या बोटाला बांधून घ्या, दुखलं नाही तर खेळू दे म्हणाले, आणि पुढचा पेशंट बोलावला.

बशीरभाई बाहेर आले ते थेट माझ्याकडे. "विल्सनभाऊ, डॉक्टर घाईत होता. तुमी आपले, तुमी सांगा. पोरीला खेळवू काय?"

असं सांगणं माझं काम नाही. फोटो काढायचा आणि गप्प राहायचं हे माझं काम. पण इथे आपली माणसं अशीच वागतात. डॉक्टर काहीही म्हणो, शेवटी विचारायचं आपल्या माणसाला, मग तो एक्स-रेवाला असो की औषधाच्या काउंटरवरचा. मी खोटं बोललो नाही. मी एवढंच म्हटलं, "एक मॅच सोडली तर काय बिघडतं, बशीरभाई? पोरीचं बोट आहे. उद्या लग्न व्हायचंय तिचं." फ्लोरीचं वाक्य मी त्यांच्या हातात ठेवलं. ते दोनदा मान हलवून निघाले, आणि जाताना मला शुक्रिया म्हणाले.

बुधवारच्या जादा सरावाला सुमैया आली नाही. बशीरभाईंनी मादामना फोन करून सांगितलं, बोटाला विश्रांती हवी. म्हणजे फायनलला जेनिस. ती घरभर उड्या मारत फिरत होती. फ्लोरीने तिची जर्सी धुऊन इस्त्री केली. मला आनंद व्हायला हवा होता, आणि लाज वाटते सांगायला, पण पहिला दिवस तो झालाही.

गुरुवारी मादाम हॉस्पिटलात आल्या. बोट दाखवायला नव्हे. कॉरिडॉरमध्ये मला गाठून त्यांनी सरळ विचारलं, "मोडलंय का?" मी म्हटलं, पेशंटची माहिती मला देता येत नाही. नियम तर नियमच. मी फाइल चाळायला लागलो, आणि ती फाइल उलटी धरली होती हे माझ्याआधी त्यांना दिसलं.

त्या चिडल्या नाहीत. बाकावर बसल्या आणि मला शेजारी बसवलं. म्हणाल्या, देशाच्या टीमबरोबर असताना एकदा बाद फेरीच्या दिवशी सकाळी एक नंबरचा अंगठा सुजला होता. तिने तो कोणालाच दाखवला नाही, फक्त मादामना दाखवला. टीमच्या डॉक्टरला एक शब्द सांगितला असता तर तो सामना मादाम खेळल्या असत्या. त्यांनी दार लावून तिचा अंगठा पट्टीने बांधून दिला. ती खेळली. टीम हरली, आणि एक गोल तर त्याच हातावरून गेला.

मी म्हटलं, मग चुकलंच ना तुमचं?

"चुकलं असेल. मी असते तर कदाचित चार खाल्ले असते, कदाचित एकही नाही. ते मला आता कधीच कळणार नाही. अजून मधूनमधून मला त्याचा राग येतो." मग म्हणाल्या, "पण तिने विश्वासाने हात माझ्या हातात दिला होता, कोलेग."

एवढं बोलून त्या उठल्या आणि पार्किंगकडे निघून गेल्या. मी काय करावं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी बहुधा वाद घातला असता.

त्याच संध्याकाळी मी उम्म अल हस्समला बशीरभाईंच्या घरी गेलो. सुमैया आतल्या खोलीत अभ्यास करत होती. मी सगळं सांगितलं. बोट ठीक आहे, पहिल्यापासून ठीक होतं, आणि मी का तसं बोललो तेही. बशीरभाईंच्या हातात चहाची किटली होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही. माझा कप भरला, स्वतःचा भरला, आणि मग पोरीला हाक मारली. "सुमैया, तुझे अंकल सांगायला आलेत. बोट बरं आहे. उद्या खेळायचं." ती नाचत आत गेल्यावर मला म्हणाले, "मला राग आलाय, विल्सनभाऊ. तो काही दिवस राहील. चहा थंड होतोय, घ्या." मी घेतला. तितका कडू चहा मी आयुष्यात प्यायलो नसेन, आणि त्यात साखर भरपूर होती.

घरी आल्यावर जेनिसला सांगायचं होतं. मी वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. तिने ऐकून घेतलं. "यू डिड दॅट फॉर मी?" एवढंच म्हणाली, आणि ते तिने कौतुकाने विचारलं नव्हतं. मग म्हणाली, "मला विचारायचं तरी, डॅडी." खोलीचं दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी फायनलला मादामनी पट्टीचं रीळ कोणालाही काही न सांगता जेनिसच्या हातात दिलं. जेनिसने खाली बसून सुमैयाची करंगळी शेजारच्या बोटाला बांधली. उलगडली, पुन्हा बांधली, मूठ वळवून बघायला लावली. मग सामना सुरू होईपर्यंत तिला डावीकडे, खाली बॉल मारत राहिली. आमच्या पोरी एका गोलने जिंकल्या. सुमैयाने दोन बॉल असे अडवले की रेघेमागे बसलेले आम्ही सगळे नियम मोडून ओरडलो. जेनिसला एक मिनिटही मिळालं नाही. शिट्टी वाजल्यावर मैदानात सर्वांत आधी तीच धावली. मी तिच्याकडे बघत उभा होतो, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर दोन आठवडे घरात फार शांतता होती. जेनिस सरावाला जायची ती बशीरभाईंच्या गाडीतून. बशीरभाई माझ्याशी बोलायला लागले होते, माझी पोर मात्र अजून लागली नव्हती. अशात कळलं की मादामच्या यजमानांचं काम संपलं, ते फ्रान्सला परत चालले. निरोपाचं जेवण, भाषणं, हार यातलं काहीही नको, असं मादामनी फ्लोरीला फोन करून बजावलं. शेवटचा सराव शनिवारी, बस्स.

त्या शनिवारी मी रेघेमागे जागा धरून बसलो होतो. सराव संपत आला आणि मादामनी मला हाक मारली. "कोलेग, इकडे ये." मला गोलमध्ये उभं केलं. स्वतःचे ग्लोव्हज माझ्या हातांत कोंबले. मग जेनिससमोर आठ बॉल ओळीने मांडले आणि म्हणाल्या, "मार. बाप आहे म्हणून हळू मारायचं नाही."

जेनिसने माझ्याकडे पाहिलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. पहिला बॉल माझ्या कानाजवळून गेला, तो मला दिसला जाळीत पोचल्यावर. दुसरा पायांमधून गेला. तिसरा पोटावर आला, आणि मी तो धरला की त्याने मला धरलं हे सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच्या सगळं पोटदुखीचं नव्हतं. चौथ्यासाठी तिने चार पावलं मागे घेतली. मी मनात म्हटलं, पड विल्सन, या वेळी पूर्ण पड. बॉल डावीकडे, खाली आला. मी माझ्या वीस वर्षांच्या वाढलेल्या वजनासकट कोसळलो. टर्फमधले रबराचे काळे दाणे तोंडात गेले, बरगडीत कळ आली, आणि बॉल माझ्या पोटाखाली अडकलेला होता. कुठूनतरी सुमैयाच्या टाळ्या ऐकू आल्या.

मी मान वर केली. मादामना बॉल दाखवायचा होता. पण त्यांची पिशवी टाकीजवळ नव्हती, आणि फाटकाबाहेर त्यांची गाडी वळताना दिसली. काच खाली होती. त्यांनी हातही हलवला नाही.

माझ्यावर सावली पडली. जेनिस होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले, हात पुढे केलेला.

"ऊठ, डॅडी," ती म्हणाली. "अजून चार राहिलेत."